गव्हावरचा तांबेरा, ऐकेनाशी झालेली बुरशी आणि "नवीन दवाई": सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

संक्रांत झाली की माझा फोन वाजायला लागतो. इंदूरमधलेच नातेवाईक, सांवेर-देपालपूरकडे ज्यांची शेती आहे अशी आपली मराठी मंडळी, शिवाय नाशिकचा एक मामेभाऊ, सगळ्यांचं म्हणणं एकच, जुनी दवाई आता काम करत नाही, नवीन काय आलंय ते सांग. मी काही शास्त्रज्ञ नाही, सांवेरकडे थोडी शेती आहे आणि वाचायची खोड आहे एवढंच. पण दरवर्षी तेच तेच फोनवर सांगून घसा बसतो म्हणून एकदाचं लिहून काढलं. आमच्याकडे दुकानात तांबेऱ्याला गेरुआ म्हणतात आणि काणीला कंडवा, मी इथे मराठी नावंच घेतोय, दुकानात जाताना बदलून घ्या.

दवाई मारली तरी रोग थांबला नाही, म्हणजे रेझिस्टन्सच आला ना, बुरशी दवाईला निर्ढावली ना?

बहुतेक वेळा नाही. हे ऐकायला कुणाला आवडत नाही कारण रेझिस्टन्स म्हटलं की दोष बुरशीचा आणि कंपनीचा, आपला काहीच नाही. पण आधी तीन गोष्टी बघा.

पहिली, तो रोग आहे का तरी? पान पिवळं पडलं म्हणजे तांबेरा नाही, नत्र कमी पडलं किंवा पाणी तुंबलं तरी गहू पिवळा पडतो. पांढरा रुमाल घ्या, पान त्यावर चोळा. नारिंगी-तपकिरी भुकटी रुमालाला लागली तर तांबेरा, नाही लागली तर खिशातले पैसे खिशातच राहू द्या.

दुसरी, उशीर. तांबेऱ्याची पुळी फुटून भुकटी दिसायला लागते तोवर बुरशी आठ-दहा दिवस पानाच्या आत बसलेली असते. जे पान गेलं ते कुठल्याही दवाईने परत हिरवं होत नाही. लोक चौथ्या दिवशी शेतात जाऊन तेच जुने डाग बघतात आणि म्हणतात काही फरक नाही. बघायचं असतं ते वरचं नवीन पान, ते स्वच्छ आहे का.

तिसरी म्हणजे पंपाचा हिशोब, आणि इथे माझीच गोष्ट सांगतो. प्रोपिकोनाझोल २५ ईसी हे तांबेऱ्यावरचं नेहमीचं बुरशीनाशक, त्याची शिफारस साधी आहे, लिटरला १ मिली, हेक्टरी ५०० लिटर पाणी. म्हणजे एकराला २०० लिटर पाणी आणि २०० मिली दवाई. १५ लिटरचा पंप धरला तर एकरी १३ पंप होतात. आमचा फवारणीवाला एकरात ६ पंप मारून मोकळा व्हायचा, प्रत्येक पंपात बरोबर १५ मिली टाकायचा, वर मला म्हणायचा भाऊसाहेब माप एकदम बरोबर आहे. प्रत्येक पंपात माप बरोबरच होतं हो, पण एकरात गेली ९० मिली, म्हणजे निम्म्याहूनही कमी. त्यात नोझल तणनाशकाचं, कट नोझल, ज्याने वरची पानं नुसती ओली होतात आणि खालची कोरडी राहतात. मी दोन वर्षं रेझिस्टन्स रेझिस्टन्स करत बसलो होतो. शेवटी एकदा बांधावर बसून पंप मोजले तेव्हा कळलं. (एकरात सांगतोय कारण बीघा गावागणिक बदलतो, त्यावर वाद नको.)

मग रेझिस्टन्स म्हणजे नक्की काय होतं?

बुरशीला दवाईची "सवय" लागते असं लोक म्हणतात, तसं नसतं. एका शेतात बुरशीचे अब्जावधी बीजाणू असतात, त्यातल्या एखाद्या-दोघांत जन्मतःच काहीतरी बदल असतो ज्यामुळे दवाई त्यांना चिकटत नाही. आपण फवारतो, बाकीचे मरतात, हे उरतात आणि रान मोकळं मिळाल्यावर पसरतात. पुढच्या वर्षी तीच दवाई, परत तेच. आपण त्यांच्यासाठी शेत निंदून देतो असं समजा.

याचे दोन प्रकार आहेत आणि फरक कळला पाहिजे. एक बटनासारखा, चालू नाहीतर बंद. स्ट्रोबिलुरिन गटात असं झालं. ही दवाई बुरशीच्या श्वसनातल्या सायटोक्रोम बी नावाच्या प्रोटीनला धरते. त्या प्रोटीनच्या १४३ नंबरच्या जागी ग्लायसिनऐवजी ॲलॅनिन आलं, याला जी१४३ए म्हणतात, की दवाईची पकडच सुटते, डोस कितीही वाढवा. युरोपात ही औषधं १९९६ ला आली, १९९८ ला उत्तर जर्मनीत गव्हाच्या भुरीत रेझिस्टन्स सापडला, दोन वर्षांत! मग काही वर्षांतच सेप्टोरिया नावाच्या पानावरच्या ठिपक्यांच्या रोगातही तेच.

दुसरा प्रकार पंख्याच्या रेग्युलेटरसारखा. ट्रायझोल, म्हणजे आपली प्रोपिकोनाझोल, टेब्युकोनाझोल मंडळी, यांच्यात असर एकदम जात नाही, एकेक पायरी उतरतो. आधी ९० टक्के कंट्रोल होता तो ७० होतो, मग ५०, आणि शेतकऱ्याला वाटतं यंदा हवाच खराब होती. बुरशी इथे दवाईच्या निशाण्यात, सीवायपी५१ नावाच्या एन्झाइममध्ये, एकावर एक छोटे बदल जमवत जाते, कधी ते एन्झाइमच जास्त बनवते, कधी दवाई पंप करून पेशीबाहेर फेकते.

आपल्याकडच्या तांबेऱ्यात पण हे होणार का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे कारण उत्तर चांगलं आहे. गव्हाच्या तांबेऱ्यात स्ट्रोबिलुरिनविरुद्धचा तो जी१४३ए बदल आलेला नाही आणि त्याला कारण आहे. तांबेऱ्याच्या त्या जीनमध्ये नेमकी १४३ च्या अक्षरांनंतर लगेच एक फालतू तुकडा असतो ज्याला इंट्रॉन म्हणतात, प्रोटीन बनवण्याआधी तो कापून काढावा लागतो. १४३ ची अक्षरं बदलली तर कापायची खूणच बिघडते, तुकडा निघत नाही, प्रोटीन बनत नाही आणि बुरशी स्वतःच मरते. म्हणजे पळून जायचा दरवाजा आहे पण उघडला तर घरच पडतं.

भुरी आणि सेप्टोरियात तो तुकडा तिथे नाही म्हणून त्यांचं फावलं. आता माळव्यात गव्हाचं खरं दुखणं काय, तर तपकिरी आणि काळा तांबेरा, थोडा करपा, थोडी काणी. पिवळा तांबेरा थंडीचा, तो पंजाब-हरियाणाकडे. सेप्टोरिया तर आपल्याकडे नावापुरताच. म्हणजे युरोपातली लढाई वाचून आपण घाबरायचं नाही, पण निष्काळजी पण व्हायचं नाही, कारण सोयाबीनच्या तांबेऱ्याने ब्राझीलमध्ये दुसरे बदल करून स्ट्रोबिलुरिन, ट्रायझोल आणि एसडीएचआय (बुरशीनाशकांचा आणखी एक गट) तिघांनाही कमजोर करून दाखवलंय. आणि आपण खरिपात सोयाबीनवाले आहोत हे विसरू नका.

बाटलीवरचा गट नंबर म्हणजे काय? दुकानदार तर म्हणतो ही वेगळी दवाई आहे.

जगभरात बुरशीनाशकांना ती बुरशीला कुठे मारतात त्यावरून फ्रॅक (रेझिस्टन्सवर काम करणारी आंतरराष्ट्रीय समिती) नंबर देते. एका नंबरची सगळी औषधं एकाच जागी घाव घालतात, म्हणून एकीला बुरशी निर्ढावली की त्या नंबरच्या बहिणींनाही थोडीफार निर्ढावते. तुम्हाला लागतील ते एवढेच: ३ म्हणजे ट्रायझोल, ७ म्हणजे एसडीएचआय, ११ म्हणजे स्ट्रोबिलुरिन, १ म्हणजे कार्बेन्डाझिम, आणि एम म्हणजे मॅन्कोझेब, गंधक, तांबं असली जुनी अनेक ठिकाणी मारणारी.

बऱ्याच बाटल्यांवर नंबर शोधून सापडत नाही, पण घटकाचं नाव बारीक अक्षरात असतंच, मोबाईलचा टॉर्च लावा. शेपटी वाचायची. "कोनाझोल" ने संपलं तर ३. "स्ट्रोबिन" ने संपलं तर ११. सातवाल्यांची नावं मात्र कशीही आहेत, फ्लक्सापायरोक्साड, बिक्साफेन, बेन्झोविन्डिफ्लुपिर, ती पाठच करावी लागतात.

एकदा छावणीकडच्या एका दुकानात मी पहिल्या फवारणीला टेब्युकोनाझोल अधिक ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन घेतलं होतं. दुसऱ्या वेळी म्हटलं बदलून द्या, त्याने मोठ्या कौतुकाने महागडा नवीन डबा काढला, रंग वेगळा, कंपनी वेगळी. घरी येऊन चष्मा लावून वाचलं तर अझॉक्सिस्ट्रोबिन अधिक डायफेनोकोनाझोल. म्हणजे परत ११ आणि ३! बुरशीच्या दृष्टीने मी काहीच बदललं नव्हतं, फक्त पाकिटातले पैसे बदलले. दुकानदाराचीही चूक म्हणता येत नाही, त्याच्या लेखी डबा बदलला की दवाई बदलली.

बरं, मग खरंच नवीन काय आलंय?

"नवीन" चे पण प्रकार आहेत, नवीन मॉडेल वेगळं आणि नवीन गाडी वेगळी.

मेफेनट्रायफ्लुकोनाझोल, बाहेर रेवीसोल नावाने ओळखतात, युरोपात २०१९ ला मंजूर झालं. शेपटी वाचा, कोनाझोल, म्हणजे गट ३ च. पण याच्या रेणूत एक लवचिक जोड आहे, आयसोप्रोपॅनॉलचा, त्यामुळे तो वळून, वाकून बदललेल्या एन्झाइमच्या खाचेतही बसतो जिथे जुने ताठ ट्रायझोल बसत नाहीत. जुन्या कुलपाचे खटके थोडे झिजले तरी चालणारी किल्ली. काम चांगलं करतं, पण घराणं तेच, एकटं सारखं सारखं वापरलं तर पायऱ्या याच्याही उतरणार.

फेनपिकॉक्सामिड, इनाट्रेक नावाचं. हे मला खरंच वेगळं वाटतं. मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूपासून यूके-२ए नावाचा पदार्थ मिळतो, तो टाक्यांमध्ये आंबवून बनवतात आणि त्यात थोडा बदल करून ही दवाई होते. स्ट्रोबिलुरिन ज्या प्रोटीनला धरतं त्यालाच हे पण धरतं, पण उलट्या बाजूने, त्यामुळे जी१४३ए असलेल्या बुरशीलाही लागू पडतं. गट २१. गंमत म्हणजे २१ नंबर जगात आधीपासून होता, द्राक्षाच्या डाऊनी आणि बटाट्याच्या लेट ब्लाइट या रोगांवर सायझोफॅमिड वापरतात ते याच गटाचं, पण गहू-जवासाठी या जागेवर मारणारं हे पहिलंच.

मेटिलटेट्राप्रोल, हे जपानी. गंमत अशी की हे आहे स्ट्रोबिलुरिनच्याच जागेवर मारणारं पण रेणूचा आकार असा केलाय की १४३ चा बदल झालेल्या बुरशीवरही चालतं. म्हणून त्याला ११ए असा उपनंबर दिलाय.

एसडीएचआयमध्ये नवीन पिढी: बेन्झोविन्डिफ्लुपिर, आयसोफ्लुसिप्रॅम, पायडिफ्लुमेटोफेन. शेवटचं फ्युजेरियमवर, म्हणजे ओंबी पांढरी पडून दाण्यात विष तयार होतं त्या रोगावर, काम करतं, आणि या गटात ते दुर्मीळ आहे. चीनमध्ये त्या रोगावर वर्षानुवर्षं कार्बेन्डाझिम मारून ते निकामी झालं, मग त्यांनी फेनामॅक्रिल नावाचं वेगळंच औषध आणलं, त्यालाही निर्ढावलेल्या बुरशी सापडल्याच.

एसडीएचआय म्हणजे एकदम लेटेस्ट ना? दुकानात तेच सांगतात.

तुमच्या वडिलांनी वापरलंय. व्हिटाव्हॅक्स आठवतंय, बियाण्याला चोळायची ती लालसर पावडर? त्यातलं कार्बोक्सिन हे गट ७ चंच, साठच्या दशकातलं. काणीवर आजही चांगलं आहे. नवीन पिढी पानावर फवारता येते आणि जास्त रोगांवर चालते, एवढाच फरक, जागा तीच. आणि जवाच्या काणीने कार्बोक्सिनला दाद न दिल्याचं फ्रान्समध्ये ऐंशीच्या दशकातच सापडलं होतं, म्हणजे हा गट पण अमर नाही हे तेव्हाच कळलेलं.

यातून एक कामाची गोष्ट: बियाण्याला कार्बोक्सिन लावलं असेल तर गट ७ एकदा वापरून झाला असं धरा. कुणी धरत नाही.

बाहेरची नवीन दवाई कुणाच्या ओळखीने मागवली तर?

नका. आपल्याकडे १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे, बुरशीनाशकंही त्यातच येतात, फरीदाबादच्या केंद्रीय मंडळाकडे त्या त्या पिकासाठी त्या त्या रोगासाठी नोंदणी लागते. लेबलवर गहू लिहिलेलं नसेल तर डोस कुणी तपासलेला नाही, काढणीआधी किती दिवस थांबायचं ते कुणी ठरवलेलं नाही. बाटलीवर त्रिकोण असतो तोही बघत जा, लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे पिऊन टाका असं नाही.

आणि खरं सांगू, माळव्याच्या तांबेऱ्यासाठी गट ३ चं साधं प्रोपिकोनाझोल वेळेवर आणि पुऱ्या पाण्यात मारलं तर अजून काम करतंय. ज्यांचे ६ पंप चालू आहेत त्यांना इनाट्रेक आणून दिलं तरी तेच होणार.

मिक्स दवाई चांगली की आलटून पालटून?

दोन्ही. पण मिक्समध्ये दोन्ही घटक त्या रोगावर स्वतःच्या हिमतीवर काम करणारे पाहिजेत, नाहीतर ती जोडी नुसती नावाला. जिथे बुरशी ११ ला पूर्ण निर्ढावली आहे तिथे ३ अधिक ११ मारलं तर लढतोय एकटा ३, आणि आपण समजतोय दोघं आहेत. लग्नातल्या फोटोत उभे असलेल्या काकांसारखं, कामाला नाहीत पण मोजणीत आहेत.

गट ७ आणि ११ साठी धान्यपिकात फ्रॅकचा सल्ला असा आहे की हंगामात दोनदाच, त्याच्यावर नाही, आणि एकटं कधीच नाही, दुसऱ्या गटाबरोबरच. आपल्याकडे गव्हाला तसंही एक, फार तर दोन फवारण्या होतात, त्यामुळे हे पाळणं आपल्याला युरोपवाल्यांपेक्षा सोपं आहे. ते तीन-चार वेळा फिरतात बिचारे, ओली हवा आहे त्यांची.

डबल डोस मारला तर बुरशी पूर्ण मरेल, मग रेझिस्टन्स येणारच नाही ना?

डोक्याला पटणारं आहे पण बऱ्याच प्रयोगांत उलट दिसलंय. डोस वाढवला की नाजूक बुरशी जास्त साफ होते आणि निर्ढावलेलीला रान जास्त मोकळं मिळतं, म्हणजे निवड आणखी जोरात. बटनवाल्या रेझिस्टन्समध्ये तर दुप्पट-चौपटने काही फरकच पडत नाही. मग कमी मारायची का? तसंही नाही, कमी मारली तर रोगच आटोक्यात येत नाही, दुसऱ्यांदा फवारावं लागतं, आणि एकूण किती वेळा बुरशीला ती दवाई दिसली हेच तर मोजायचं असतं. लेबलचा डोस, पुरं पाणी, कमी वेळा. यात माझं डोकं चालवायला जागा नाही आणि तुमचंही.

मॅन्कोझेब जुनं झालं, फेकून द्यायचं का?

अजिबात नाही, माझ्या मते लोक ज्याला सगळ्यात कमी किंमत देतात ती हीच चीज आहे. ते बुरशीच्या एका नाही अनेक ठिकाणी घाव घालतं, त्यामुळे एखाद्या बदलाने सुटका होत नाही, इतकी दशकं झाली तरी रेझिस्टन्सचा त्रास जवळजवळ नाही. मर्यादा अशी की पानाच्या आत शिरत नाही, वरच बसतं, पावसाने धुतलं जातं, म्हणून रोग यायच्या आधी पाहिजे. करप्यावर लिटरला २ ते २.५ ग्रॅम.

याची किंमत काय असते ते युरोपातल्या जवाने दाखवलं. तिथे रॅम्युलारिया म्हणून पानावरचा रोग आहे, २०१५ नंतर तो ३, ७ आणि ११ तिघांनाही दाद देईनासा झाला. तेव्हा आधार उरला क्लोरोथॅलोनिलचा, तेही मॅन्कोझेबसारखंच अनेक ठिकाणी मारणारं, आणि २०१९ मध्ये युरोपीय संघाने नेमकं त्याचंच नूतनीकरण नाकारलं, कारण भूजलात त्याचे अवशेष आणि तब्येतीची भीती. २०२० च्या डिसेंबरात मॅन्कोझेबलाही तिथे नकार मिळाला. म्हणजे एकीकडे बुरशी औषधं खातेय, दुसरीकडे कायदा, आणि मधे शेतकरी. नवीन रेणूंची त्यांना एवढी घाई का आहे ते यावरून समजतं.

फवारायची कधी?

आपल्याकडे नोव्हेंबरचा पेरा धरला तर जानेवारीच्या मध्यापासून आठवड्यातून दोनदा शेतात जा, रस्त्यावरून गाडीतून बघून चालत नाही. खालची पानं उलटा, दाट जागी, पाटाच्या कडेला, झाडाच्या सावलीत आधी दिसतो. तपकिरी तांबेऱ्याला १५ ते २५ अंश आवडतं आणि सकाळचं दव, पानावर विखुरलेल्या गोल नारिंगी पुळ्या. काळा उशिरा येतो, उन्हं वाढल्यावर, आणि खोडावर बसतो, लांबट, गडद, साल फाटल्यासारखा.

पहिल्या पुळ्या दिसल्या आणि पीक पोटरीत किंवा ओंबी निघायच्या सुमारास असेल तर लगेच, कारण दाण्यात जे भरतं त्यात शेवटच्या पानाचा वाटा मोठा असतो, ते पान वाचवायचं. दाणा चिकातून पुढे घट्ट व्हायला लागला असेल तर मग सोडून द्या, पैसे वाया जातील आणि दवाई दाण्यात राहील ते वेगळं. हॉलो कोन नोझल, सकाळी दव उतरल्यावर, वारा नसताना.

वाण बदलला तर दवाईच लागणार नाही असं म्हणतात ते खरं का?

बरंचसं. आपल्या इंदूरच्या कृषी अनुसंधान केंद्रातून एचआय नावाने जे गहू निघतात ते काय उगाच नाही. पुसा तेजस, म्हणजे एचआय ८७५९, कठिया (ड्युरम) गहू, तांबेऱ्याला चिवट. उलट लोक-१, जो गुजरातच्या सणोसऱ्याहून आला आणि ज्याच्या पोळीवर आमच्या घरातल्या बायका अजून जीव टाकतात, तो तांबेऱ्याला एकदम नाजूक.

पण वाणाचाही रेझिस्टन्स तुटतो हां, फरक एवढाच की इथे उलट, बुरशी वाणाला निर्ढावते. पंजाबात पीबीडब्ल्यू ३४३ एकच एक सगळीकडे पेरला होता, पिवळ्या तांबेऱ्याची नवीन जात आली आणि सगळा बसला. आपल्याकडेही १९४६-४७ ला काळ्या तांबेऱ्याने मध्य भारतातला गहू झोपवला होता, जुनी माणसं सांगायची. तांबेरा उन्हाळ्यात आपल्या मैदानात जगत नाही, तपकिरी आणि काळ्याचे बीजाणू निलगिरी-पळणीच्या डोंगरातून वाऱ्याने वर येतात. करमचंद मेहता नावाच्या शास्त्रज्ञाने आयुष्य घालून हे शोधलं. म्हणजे आपल्या बांधावर सगळं साफ ठेवलं तरी तो येणारच. दोन-तीन वाण विभागून पेरा, एवढं आपल्या हातात.

गव्हाचा ब्लास्ट आपल्याकडे येईल का?

ब्लास्ट हा ओंबी वाळवणारा बुरशीचा रोग. तो पहिल्यांदा दिसला १९८५ ला ब्राझीलमध्ये, मग २०१६ ला बांगलादेशात साधारण १५ हजार हेक्टरवर आला. पश्चिम बंगाल सरकारने मग नदिया आणि मुर्शिदाबादमध्ये गहू पेरायचाच बंद केला होता. माळव्याच्या कोरड्या हवेला तो कमी मानवेल, कारण त्याला फुलोऱ्यात ऊब आणि ओल दोन्ही लागतात, पण ओंबी मधूनच वर पांढरी आणि खाली हिरवी दिसली तर फोटो काढून लगेच कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. ब्राझीलमध्ये या बुरशीत जी१४३ए पसरलेला आहे, म्हणजे नुसत्या ११ वर भरवसा नको.

आम्ही सेंद्रियवाले आहोत, ताक, गोमूत्र चालेल का?

पाण्यात भिजणारं गंधक भुरीवर चालतं आणि तेही अनेक ठिकाणी मारणारंच आहे. ट्रायकोडर्मा बियाण्याला लावा, मुळांच्या रोगांवर ठीक. तांबेरा वर चढल्यावर ताकाने थांबलेला मी तरी पाहिला नाही, कढी करा त्याची. सेंद्रियवाल्यांनी वाणावरच जोर द्यावा. कंपोस्टची इंदूर पद्धत अल्बर्ट हॉवर्डने इथेच, आपल्या गावात बसवली, १९२४ ते ३१ च्या काळात, आणि तो आधी बिहारातल्या पुसाला गव्हाचे वाण काढणारा माणूस होता हे लोक विसरतात.

या दवायांचा माणसांवर काही परिणाम?

अंगावर, डोळ्यात जाण्याचा तो आहेच, हातमोजे घाला, तोंड बांधा, फवारताना तंबाखू मळू नका. पण एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. ट्रायझोल माणसांच्या बुरशीच्या आजारांवर पण देतात. ॲस्परजिलस नावाची बुरशी कुजक्या पाल्यात असते आणि कमजोर माणसाच्या फुप्फुसातही घुसते. शेतातल्या ट्रायझोलमुळे निर्ढावलेले तिचे प्रकार आधी नेदरलँड्समध्ये आणि नंतर भारतातही सापडले, ज्यांच्यावर हॉस्पिटलातली गोळी लागत नाही. आता इप्फ्लुफेनोक्विन नावाचं नवीन शेतीचं बुरशीनाशक आलंय आणि ते ज्या जागेवर मारतं त्याच जागेवर मारणारं ओलोरोफिम नावाचं माणसांचं औषध तयार होतंय, त्यावरून डॉक्टर लोक आत्ताच ओरडायला लागलेत. मला त्यांचं म्हणणं पटतं.

अवशेषांचं म्हणाल तर तांदूळवाल्यांना विचारा, युरोपने २०१८ पासून ट्रायसायक्लाझोलची (भातावरचं बुरशीनाशक) मर्यादा किलोला १ मिलीग्रॅमवरून ०.०१ वर आणली आणि बासमतीवाल्यांची पळापळ झाली.

मग तुम्ही स्वतः यंदा काय मारलं?

बहुतेक शेतात पुसा तेजस होता, त्यात काहीच नाही. घरच्या पोळीसाठी एक एकर लोक-१ ठेवतो, आईचा हट्ट, त्यात जानेवारीच्या शेवटी पाटाच्या कडेला पुळ्या दिसल्या, एक फवारा प्रोपिकोनाझोलचा मारला, १३ पंप, मी बांधावर खुर्ची टाकून मोजले आणि फवारणीवाला दिवसभर माझ्याशी बोलला नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी, "लोक-१, गट ३" लिहून ठेवलंय. बायको विचारत होती हा कुठला नवीन व्हॉट्सअॅप ग्रुप.